जखमी काकू

बँकेतल्या साहेबांनी काकूंच्या मनगटाला पट्टी बांधली, गाठ ओढून पाहिली आणि ते पुढच्या खोलीत गेले. काकूंनी डोळे मिटलेलेच ठेवले. चांगल्या जखमीनं पट्टीचा रंग बघायचा नसतो.

जरा वेळानं त्यांनी बघितलाच.

काळा.

हिरवी म्हणजे आपल्या पायांनी चालत जाईल. पिवळी म्हणजे थोडं थांबवलं तरी चालेल. लाल म्हणजे आत्ताच्या आत्ता उचला. काळी म्हणजे संपलं, इथे वेळ घालवू नका. सगळ्या पट्ट्या काकूंनीच घरी मशीनवर शिवल्या होत्या. काळं कापड नवऱ्याच्या छत्रीचं.

मदत पथकात पगारी असं कुणीच नव्हतं. पूर, आग, कोसळलेली इमारत. फोन आला की हातातलं काम टाकून धावायचं, आणि रविवारी सराव. काकू आल्या होत्या त्या स्ट्रेचरचे पट्टे शिवून द्यायला. "काकू, तुम्ही नुसतं पडून राहायचं, बाकी आम्ही बघतो," अशी लिफ्टवाल्यानं त्यांना गळ घातली होती. तो पथकाचा प्रमुख. आठवडाभर लोकांच्या लिफ्ट दुरुस्त करायचा. पडून राहायला काय अक्कल लागते, असं काकूंना वाटलं होतं. पण त्या विव्हळायला लागल्या की नव्या मुलींच्या डोळ्यांत पाणी उभं राहायचं. विव्हळण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं.

एरवीही नव्हतं. रविवारी मात्र धरायचे.

आज त्यांनी जरा जास्तच केलं. साहेबांनी नाकाशी बोटं आणली तेव्हा श्वास रोखला. साहेबांनी नियमाप्रमाणे हनुवटी वर केली, पुन्हा बोटं आणली, त्यांनी पुन्हा रोखला. लाल मिळावी म्हणून. लाल मिळाली की चौघं धावत येतात. मानेखाली हात घालतात. एक जण उशाशी बसून सारखा बोलत राहतो: आवाज येतोय का माझा, घाबरू नका, आम्ही आहोत ना.

काळीकडे कुणी येत नाही. सरावातले मेलेले शिट्टी झाली की आपले आपण उठतात, कपडे झटकतात आणि चहाला जातात.

शिट्टी झाली.

काकू उठल्या नाहीत.

बंद पडलेल्या छापखान्याची ती खोली. खिडकीला काच नव्हती, त्यामुळे खालच्या मैदानातलं सगळं स्वच्छ ऐकू येत होतं.

"पहिली तुकडी?"

"सगळे आले."

"दुसरी?"

"सगळे."

जखमी कुठल्याच तुकडीत नसतात. काकूंनी मनाशी ठरवलं: कुणीतरी विचारेल, काकू कुठायत म्हणून. तेवढं कानावर पडलं की उठायचं. मान आखडली म्हणून सांगायचं.

आता विचारतील.

कप वाजले.

आता.

शेवटच्या बिस्किटावरून दोघांची जुंपली, सगळे हसले.

आता विचारतीलच.

दोरखंडाची वेटोळी धप्पकन गाडीत पडली. कुणीतरी कुणाला तरी घरी सोडायचं कबूल केलं. काकूंच्या कपाळावरचा लाल रंग वाळून ताणायला लागला होता. खाजवावंसं वाटत होतं. त्या हलल्या नाहीत.

मग जिन्यात बूट वाजले.

काकूंनी पटकन डोळे मिटले. छाती मेलेल्या माणसाला न शोभेल इतकी धडधडत होती.

"असं कसं गायब होतं च्यायला," स्वतःशीच बोलत लिफ्टवाला आत आला. काकूंच्या पायावरचं ब्लँकेट हलकेच ओढलं गेलं, आणि अर्ध्यात थांबलं.

"काकू? अहो, तुम्ही अजून इथंच?"

काकूंनी श्वास रोखून धरला.

"काकू, चेष्टा नको हं. जीव जातो माझा."

"मेलेल्यानं बोलायचं नसतं," काकू डोळे न उघडता म्हणाल्या.

त्यानं हुश्श केलं. खाली बसून मनगट उचललं.

"काळी? कुणाचं हे काम?"

"बँकेतल्या साहेबांचं."

"त्याला काय, जिवंत माणूस समोर उभा असला तरी उद्या या म्हणतो."

काकूंनी डोळे उघडले. "तुम्ही मला शोधायला आलात?"

ब्लँकेटचं टोक अजून त्याच्या मुठीत होतं.

"ब्लँकेटला आलो होतो, काकू," तो म्हणाला. "एक कमी भरलं."

काकूंनी मान हलवली, म्हणजे बरोबर आहे, अशी. ब्लँकेट कमी भरलं तर बघायलाच हवं.

त्यानं टोक सोडलं. काळ्या पट्टीची गाठ घट्ट होती. नखांनी सोडवायला वेळ लागला. मग खिशातून उरलेल्या पट्ट्या काढल्या. लाल हातात घेतली, ठेवून दिली. हिरवी काढली.

"हिरवी नको," काकू म्हणाल्या.

त्यानं पिवळी बांधली आणि भिंतीला पाठ टेकून त्यांच्या शेजारी फरशीवर बसला. मनगट सोडायचं राहूनच गेलं.

"घरी कुणाला कळवायचं?" सवयीनं त्याच्या तोंडून गेलं. जखमीला विचारायचा नियमातला प्रश्न.

"कुणाला नाही."

खाली गाडीचं दार आपटलं.

"तुमच्याकडे कुणाला कळवतात?" काकूंनी विचारलं.

हे नियमात नव्हतं. लिफ्टवाल्यानं पिवळ्या पट्टीची गाठ पुन्हा एकदा सारखी केली.

"पथकाच्या ऑफिसचा नंबर दिलाय मी," तो म्हणाला. "तिथला फोन मीच उचलतो."

काकूंना हसू आलं. त्यालाही आलं. दोघांचंही फार टिकलं नाही. काकूंनी पाय थोडे जवळ घेतले, त्याला नीट बसता यावं म्हणून.

त्याच्या कमरेचा वॉकीटॉकी खरखरला. "मिळालं का हो ब्लँकेट? निघायचंय, सगळे खोळंबलेत."

लिफ्टवाल्यानं ब्लँकेट काकूंच्या खांद्यापर्यंत ओढलं. मग बटण दाबलं.

"शोधतोय," तो म्हणाला.