उंबराच्या पाण्याचा हंडा

मित्रांनो, मी एक जुना तांब्याचा हंडा आहे. गळ्याशी एक पोचा आहे आणि पोटावर एक काळा डाग. त्या डागाची गोष्ट सांगायला मला फार आवडते.

तांबटाच्या हातोडीखाली घडून मी मरोळ गावठाणात उर्सुलाबाईच्या घरी आलो. आमच्या ख्रिस्ती वस्तीत लग्नाच्या आदल्या दिवशी वाजतगाजत गावच्या विहिरीवर जातात, पाणी भरून आणतात आणि त्यानेच नवरानवरीला न्हाऊ घालतात. त्याला उंबराचे पाणी म्हणतात. ते आणण्याचा मान माझा होता.

पुढे विहिरीपलीकडे रंगाचा कारखाना आला. त्र्याऐंशी साली बाईच्या मुलीचे, नॅन्सीचे लग्न ठरले. बँड विहिरीवर पोचला. पोहरा वर आला तो जांभळट, फेसाळ पाणी घेऊन. ते माझ्यात ओतले आणि बँड थांबला.

बाईचा भाऊ सेबॅस्टियन तिच्या कानाशी लागला. "नळाचं भर ना. कोणाला कळणार आहे?"

"विहिरीला कळेल."

"विहीर काय साक्षीला येणार?"

"ती नाही. हा हंडा येईल."

नॅन्सी उंबराच्या पाण्यावाचून चर्चमध्ये गेली. बाई म्हणाली, "माझ्या लेकाच्या, ऑगस्टीनच्या लग्नाला ह्याच विहिरीचं पाणी येईल."

ते पाणी माझ्यात तसेच राहिले आणि ओघळले तिथे बाहेरूनही मी काळवंडलो. बाई मला घासेना. शेजारणी म्हणत, "उर्सुला, बाजारात चिंच संपली का गं?" तांब्याच्या भांड्याला याहून मोठी लाज नाही. मी मनातून रुसलो होतो.

गावाने कारखान्याविरुद्ध कोर्टात अर्ज करायचे ठरवले, तेव्हा तिथे काम करणारा शेजारचा दशरथ धास्तावला. "बाई, कंपनी बंद पडली तर आमची वाट लागेल."

"बंद करा कोण म्हणतंय रे? घाण साफ करून मग पाणी सोडा. तुझी पोरं पण इथलंच पाणी पितात ना?"

मग गावाच्या अर्जावर दशरथनेही सही केली.

गावाच्या वकील सुलक्षणाताई मला कोर्टात घेऊन गेल्या. विहिरीच्या पाण्याची तपासणी झाली होतीच. तरी समोरचे वकील म्हणाले, "हा डाग आळशीपणाचा आहे." बाईने पिशवीतून चिंच आणि मीठ काढून टेबलावर ठेवले. न्यायमूर्तींनी होकारार्थी मान हलवली. बाईने मला तिथेच घासले. सारे अंग लखलखले, डाग मात्र जागचा हलला नाही.

सुलक्षणाताई म्हणाल्या, "घटनेने प्रत्येकाला जगण्याचा हक्क दिला आहे. ज्याच्या विहिरीत विष सोडलं, त्याचा तो हक्कच काढून घेतला."

न्यायालयाला ते पटले. सांडपाणी शुद्ध केल्यावाचून सोडायचे नाही आणि विहीर उपसून साफ करून द्यायची, असा हुकूम झाला. कारखाना चालू राहिला. विहीर निवळायला मात्र दोन पावसाळे गेले.

मग ऑगस्टीनचे लग्न आले. बँड विहिरीवर थांबला. पोहरा ओढायला दशरथ पुढे झाला. पाणी माझ्यात पडले, तेव्हा नॅन्सी वाकून पाहत राहिली. तिला माझा तळ दिसला.

मित्रांनो, घरची भांडी घासा, लखलखीत ठेवा. पण तुमच्या पाण्याचा डाग कधी भांड्यावर पडला, तर तो घासायची घाई करू नका. आधी चारचौघांना दाखवा. माझा डाग अजून आहे, आणि लग्नाच्या मिरवणुकीत बाई तीच बाजू पुढे धरते.