मोकळं नाव

आमच्या घराण्यात नावं ठेवायची परंपरा जुनी, पण ती शेजाऱ्यांना. ड्रॅगनला नाव ठेवायची पाळी माझ्यावर आली ती ऐंशीच्या दशकात, घाटकोपरच्या भटवाडीत. मुलांच्या एका मासिकात मी अद्भुतकथा लिहीत होतो. संपादक शिवदास म्हणाले, "जयवंतराव, पंखवाला, आग ओकणारा पाहिजे. आणि नाव असं, की पोरांनी डोक्यावरून चादर घ्यावी."

हे सोपं नसतं. 'ज्वालामुखे' म्हटलं की पोस्टातला कारकून डोळ्यांसमोर येतो. 'अग्निकेतू' हा काडेपेटीचा छाप वाटतो. असलं नाव डोंगरावरून हाक मारून पारखावं. डोंगर नव्हता, म्हणून मी खिडकीतून हाका मारत होतो. शेवटी एक जमलं. ते इथे लिहिणार नाही. तीनदा हाक मारली, तिसऱ्यांदा माझ्याच अंगावर काटा आला.

मागे आई दिवा घेऊन उभी होती. "तिनीसांजेक कोणाक हाका मारतंस?"

"ड्रॅगनला."

"खंय रवता तो?"

"कुठेच नाही अजून. आधी नाव, मग घर."

आईने पाळण्याकडे बघितलं. आमच्या बाळाचं बारसं अजून व्हायचं होतं.

"हाक मारलंस, तां नाव घरात इला," ती म्हणाली. "आणि घरात बिननावाचा एकच आसा."

मी हसलो. अंधश्रद्धेची टिंगल करूनच मी थोडंफार नाव कमावलं होतं.

तेवढ्यात विमला म्हणाली, "अहो, हा दूध ओढत नाहीये. अंग बघा त्याचं."

अंग भाजत होतं. डॉक्टर आले, औषध देऊन 'वाट बघा' म्हणाले. कशाची, ते बोलले नाहीत.

कानात नाव आत्या सांगते, आणि माझी बहीण सुहासिनी कणकवलीला होती. "तुम्हीच सांगा," विमला म्हणाली. "विद्याधर म्हणा आणि मोकळे व्हा."

मी वाकलो. मनात एकदा म्हणून पाहिलं. 'विद्या'च्या पुढे ते दुसरंच आलं. मी तोंड मिटून मागे सरलो.

आईने माझ्यापुढे कागद सरकवला. "त्येका घर दी. लिही."

मी पवईचे डोंगर लिहिले. "जवळ पडता," आई म्हणाली. मी सात समुद्रांपलीकडची गुहा दिली. खवले दिले, पंख दिले, शेपूट दिली.

"जेवता काय तो?"

पेन थांबलं. विमलाने बाळाला छातीशी आवळलं. "लिहा ना," ती म्हणाली.

दगड, मी लिहिलं. फक्त दगड.

बऱ्याच वेळाने विमला कुजबुजली, "ओढतोय."

सकाळी शिवदास मजकूर न्यायला आले. उभ्या उभ्या वाचून म्हणाले, "झकास. पण शेवटी राजपुत्राने मारायला हवा याला."

"मारू नका. मेला की नाव पुन्हा मोकळं होईल."

त्यांनी कागद पिशवीत घातले. "तुम्हाला झोप नाही. मीच मारतो, दोन ओळींचं काम आहे."

रात्रीच केलेली तार मिळताच सुहासिनी निघाली होती. दुपारच्या एसटीने पोचायची होती; बाळाच्या कानात नाव आता तीच सांगणार होती, माझ्या तोंडाचा भरवसा नव्हता. विमलाने बाळाला पदराखाली घेतलं.

"भावजी," ती म्हणाली, "चहा घेतल्याशिवाय जायचं नाही."

"नको वहिनी, प्रेसमध्ये—"

आईने दाराला आतून कडी घातली आणि तिथेच पाट टाकून बसली.

"आत्या येयपर्यंत बसा," ती म्हणाली. "जेवानच जावा."