क्रुसाखालची फळी

रविवारी फादर नायगावच्या नव्या फ्लॅटला आशीर्वाद द्यायला येणार, म्हणून इग्नेशियस कोपऱ्यात क्रुसासाठी फळी बसवत होता. करवत भरकटू नये म्हणून त्याने फळीवर सरळ पट्टी ठोकली आणि तिच्या कडेने कापलं. तरी भिंतीशी पुढच्या टोकाला फट राहिलीच.

पट्टी बदलून पुन्हा कापलं. फट तिथेच!

"हातच वाकडा तुझा," बायको फ्लॉसी म्हणाली.

चक्रावून त्याने फळी पालथी करून तीच कड भिंतीला लावली. फळी वाकडी असती, तर फट मागे गेली असती. ती पुढेच राहिली.

"अगं, भिंत वाकडी आहे!"

"मग काप तशी."

पट्टी हातात धरून इग्नेशियस उभाच राहिला. आता सरळ कापायचं, की बरोबर?