कुकरबाहेरच्या सहा बरण्या

झाकण वाजवून बरणी ओळखण्यात माझा हात धरणारं आमच्या कारखान्यात कोणी नाही. चमच्याच्या दांड्यानं झाकणावर हलकेच ठोकायचं. खणखणीत वाजलं तर झाकण घट्ट बसलं, भद्द वाजलं तर बरणी बाजूला. बावीस वर्षं अननस, पीच, चेरी असंच वाजवून पाठवलं आणि एकही बरणी परत आली नाही. त्यामुळे मला शिकवायला कोणी आलं की माझं डोकं फिरतं, हे आधीच कबूल करते.

यंदा मालकांनी फळांच्या जोडीला भाज्या सुरू केल्या आणि दाबाचं मोठं यंत्र आणलं. आम्ही त्याला मोठा कुकर म्हणतो. त्याच्या शिकवणीला मी मागे बसून झाकणं पुसत होते. फरसबीच्या बरण्या कुकरमध्येच घालायच्या, एवढं कानावर पडलं. वेळ वाचत असेल म्हणून, असं मी परस्पर ठरवून टाकलं.

गेल्या आठवड्यात कुकर गच्च भरून सहा बरण्या उरल्या. सहा बरण्यांसाठी पुन्हा दीड तास यंत्र कोण चालवणार? मी जुनं पातेलं चढवलं आणि अननसाच्या ठेवते तशा पाऊण तास उकळत्या पाण्यात ठेवल्या. सहाही झाकणं खणखणीत वाजली. उरलेला माल घरी न्यायची आम्हाला मुभा आहे. पाच बरण्या माझ्या फळीवर गेल्या, एक परवा धाकट्या भावाला दिली. तो एकटा राहतो आणि गॅस पेटवायचाही त्याला कंटाळा. बरणी उघडायची, काटा घालायचा, झालं जेवण.

आज सकाळी चाचणी विभागातली बाई नव्या मुलींना समजावत होती. वय माझ्या निम्मं. मी दोन टेबलं सोडून पीच सोलत होते.

"फळं आंबट असतात, म्हणून उकळत्या पाण्यावर भागतं. फरसबी आंबट नाही. तिच्यात मातीतला एक जंतू येतो, तो नुसत्या उकळण्यानं मरत नाही. त्याला कुकरचा दाबच लागतो. वाचला तर बंद बरणीत विष तयार करतो."

"पण वास येईल ना?" एका मुलीनं विचारलं.

"दर वेळी नाही. चवही बदलत नाही."

माझ्या हातातली सुरी थांबली. मी तिथूनच विचारलं, "झाकण चांगलं वाजत असेल तरी?"

"मावशी, झाकण घट्ट असेल तर त्याचं फावतंच. त्याला हवा नकोच असते."

मी सुरी खाली ठेवली. "आणि कोणी खाल्लं तर?"

"आधी पापण्या जड होतात, एकाचे दोन दिसतात. मग बोलणं अडतं, गिळणं अडतं, शेवटी श्वास. लवकर दवाखान्यात नेलं तर औषध आहे." मग तिनं माझ्याकडे नीट पाहिलं. "का विचारताय?"

मी सांगितलं. त्या पोरीसमोर मान खाली घालून सगळं सांगितलं. ती रागावली असती तर बरं वाटलं असतं. ती म्हणाली, "आत्ताच्या आत्ता जा. मी मोठ्या दवाखान्यात कळवून ठेवते."

भावाला फोन लावला. नुसता वाजत राहिला. टॅक्सीत पुन्हा लावला, पुन्हा तेच. लहानपणी ताटात फरसबी दिसली की तो ताट सरकवायचा आणि मी पाठीत धपाटा घालून त्याला खायला लावायचे. माझा तो धपाटा वाया गेलेला असू दे, असं पुटपुटत मी तीन मजले चढले.

बेल दाबली. बऱ्याच वेळानं दार उघडलं आणि तो समोर उभा होता. इतकं हायसं वाटलं की मी आधी चार शब्द सुनावले.

"फोन उचलायला काय होतं रे तुला?"

"दिसतच नव्हतं नीट, कुठं दाबायचं ते." बोलणं संथ होतं, जिभेवर ओझं ठेवल्यासारखं.

त्याच्या मागे ओट्यावर माझी बरणी पालथी घातली होती. जन्मात कधी भांडं न धुणाऱ्यानं ती माझ्यासाठी लख्ख धुऊन ठेवली होती.

"झोपला होतास ना?" मी विचारलं. त्यानं हो म्हणावं म्हणून जीव कासावीस झाला.

"छे, कधीचा जागा आहे. पापण्याच उघडत नाहीत आज." तो चौकटीला टेकला आणि अर्धवट मिटल्या डोळ्यांनी माझ्याकडे बघून हसला. "एक ताई झेपत नाही मला, आज दोन आल्यात."

असल्या थट्टेवर मी जन्मभर धपाटा घालत आले. आज त्याचा हात माझ्या खांद्यावर घेतला आणि एकेक पायरी मोठ्यानं सांगत जिना उतरायला लागले.