सातवा थांबा

तिकीट काढून स्वतःच्याच शहरात फिरायला आलेला म्हातारा पाहून गाईडला हसू आलं. "काका, तुम्ही तर इथलेच दिसताय?"

"इथलाच आहे. चालेल ना?"

त्यानं खांदे उडवले, काडी मोडलेली लाल छत्री उंच धरली आणि चालू लागला. आम्ही नऊजण त्याच्यामागे.

मी गवंडी. चाळीस वर्षं या जुन्या शहराच्या भिंती सावरल्या. मुलगा मात्र दगड लावायचं सोडून दगड दाखवायला लागला, याच कंपनीत गाईड झाला. "नुसती तोंडाची वाफ दवडून पोट भरतोस," असं मी त्याला चारचौघांत म्हणालो आणि तिथून आमचं बोलणं तुटलं, ते तीन वर्षं. आठ महिन्यांपूर्वी तो तापानं गेला. त्याला पोचवून परतताना त्याचा एक सोबती म्हणाला, "काका, सातव्या थांब्यावर तो तुमच्याबद्दल बोलायचा. त्यानं लिहिलेलंच आम्ही सगळे अजून बोलतो. एकदा येऊन ऐका." तो काय बोलायचा, एवढंच मला ऐकायचं होतं. तेवढा धीर व्हायला आठ महिने गेले.

फेरी म्हणजे नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. घड्याळाचा मनोरा दुरुस्तीसाठी बंद. पुरातन विहिरीवर जाळी, जाळीखाली बाटल्या. गाईड मोबाईलमध्ये बघून गडगड वाचत होता, कुणी काही विचारलं की "पुढे सांगतो" म्हणायचा आणि पुढे विसरायचा. तटाच्या चुन्याला त्यानं सिमेंट म्हटलं, तेव्हा मी जीभ चावली. चौथ्या थांब्यावरून एक जोडपं गुपचूप सटकलं. त्यांचं काही चुकलं नाही.

सहावा थांबा झाल्यावर त्यानं घड्याळ पाहिलं. "सातव्यात विशेष काही नाही, एक कमान आहे. सोडून देऊ."

"सोडायचं नाही!" मी ओरडलोच. "तिकिटावर सात लिहिलेत. सात दाखव."

गाईड कुरकुरत कमानीपाशी आला आणि वाचू लागला.

"ही कमान ढासळली होती. ती पुन्हा उभी करणारे गवंडी म्हणजे माझे वडील. मी तेव्हा आठ वर्षांचा होतो, त्यांचा डबा घेऊन आलो होतो. त्यांनी माझा हात हातात घेतला, ओल्या चुन्यात दाबला आणि म्हणाले, ही आता आपल्या दोघांची कमान. तो ठसा अजून इथे आहे. वडील मात्र राहिले नाहीत."

एका बाईच्या डोळ्यांत पाणी आलं. "अरेरे, कधी गेले वडील?" तिनं गाईडला विचारलं.

"झाली दोन-तीन वर्षं," तो मोबाईल खिशात टाकत म्हणाला.

लोक वाकून वाकून ठसा शोधू लागले, दगड चाचपू लागले. "झिजला असेल," गाईड म्हणाला.

झिजायला तो मुळात राहिलाच नव्हता. ती दुपार मला लख्ख आठवते. पोरानं डबा ठेवला आणि हसत हसत आपणहून ओल्या चुन्यात पंजा उमटवला. दुसऱ्या दिवशी साहेब काम बघायला येणार होते. मी थापीचा दांडा त्याच्या बोटांवर हाणला आणि त्याच थापीनं ठसा सपाट केला. काम माझं पहिल्यापासून साफ. पोरगं रडलंसुद्धा नाही, मुकाट्यानं निघून गेलं.

त्यानं मला जिवंतपणी मारलं, याचा राग आला नाही. मारून का होईना, त्यानं मला चांगला बाप केलं होतं, त्याची लाज वाटली. सगळे पुढे गेल्यावर डावीकडच्या तिसऱ्या दगडाशेजारी मी हात ठेवला. बोटांना काहीसुद्धा लागलं नाही.

घरी बायको दारातच उभी होती. "काय बोलायचा हो तो?"

"चांगलं बोलायचा."

"तुमच्याबद्दल?"

"हो."

तिनं पदरानं डोळे पुसले. आठ महिन्यांत पहिल्यांदा तिचा चेहरा जरा सैल झाला. "मग मलाही न्या ना एकदा. मी काही बोलणार नाही, नुसती मागे उभी राहून ऐकेन. उद्याच जाऊ."

मी खाली वाकून चपला काढत राहिलो.

"सातवा थांबा आजपासून बंद केला त्यांनी," मी म्हणालो.