उघडं दार

रतनम्माचं घर भालकीत, चर्चमागच्या गल्लीत. ऐन तिशीत तिचा नवरा गेला, पदरी मूल नाही. तेव्हापासून मंडळीतल्या उपवर मुलींना शिकवायचं काम पास्टरांनी तिच्याकडे दिलं होतं. शरीर हे देवाचं मंदिर. लग्नाआधी ते जपायचं, लग्नानंतर एकाच माणसाशी इमान राखायचं, हे ती खणखणीत आवाजात सांगायची. तिचा एक नियम तर मुलींना तोंडपाठ होता: परका पुरुष घरी आला की दार सताड उघडं ठेवायचं. लपवण्यासारखं काही नसेल तर दार लावायचं कशाला, असा तिचा रोकडा सवाल असे.

एका शनिवारी हाच नियम तिच्या अंगाशी आला.

साखर कारखान्यातला फिटर याकोब तिच्याकडे आला. तो विधुर. यंत्रांच्या धडधडाटात उभा जन्म गेल्यानं त्याला ऐकू कमी यायचं, आणि अशा माणसांना वाटतं की सगळं जगच बहिरं आहे. रतनम्मानं दार उघडं टाकलं, त्याला उंबऱ्याजवळ खुर्ची दिली, चहा दिला. एक घोट घेऊन याकोब जवळजवळ ओरडलाच.

"रतनाबाई, लई दिवसापून इचारावं म्हणायलो! माझ्यासंगं लगीन करताव का?"

समोरच्या दारात धान्य पाखडणाऱ्या शिवम्माच्या हातातलं सूप थांबलं. नळावरचं भांडणसुद्धा बंद पडलं.

"हळू बोला की वो! सारी गल्ली ऐकायलीय!" रतनम्मा त्याच्या कानाशी म्हणाली.

"ऐकू द्या की! चोरी हाय का? उद्या चर्च सुटल्यावर येतो, जवाब द्या!"

तो गेला. रतनम्मा लाजेनं लाल झाली होती, पण खरं सांगायचं तर तिला आनंद झाला होता, आणि त्या आनंदाचीच तिला धास्ती वाटली. इतकी वर्षं एकटी राहिले, संयम शिकवला, आणि आता या वयात मन असं उड्या मारतंय? होय म्हटलं तर पोरी म्हणतील, अक्काचं शिकवणं नुसतं तोंडदेखलं होतं. संध्याकाळपर्यंत तिनं नकार पक्का केला.

शिकवणीला पोरी त्या दिवशी वेळेआधीच हजर! सगळ्या एकमेकींना कोपरखळ्या मारत बसलेल्या. पुढच्या महिन्यात हुमनाबादला सून होऊन जाणारी सलोमी थेट विचारती झाली.

"अक्का, ते आवडतेत का तुमाला?"

"आवडून काय करायचंय? मी न्हाई म्हणणार हाय."

"कामून?"

"तुमाला मन आवरायला शिकवलं. आता माझंच आवरंना, तर कोणत्या तोंडानं शिकवू?"

सलोमीचा चेहरा पडला. "मग मलाबी माझा नवरदेव आवडायलाय, ते पाप हाय का? तुमी नुसतं जपा म्हणताव. कशासाठी जपायचं, ते कधीच सांगत न्हाई."

पोरगी घाबरून लग्नाला उभी राहतेय आणि ती भीती आपण घातली, हे रतनम्माच्या काळजाला लागलं. तिनं सलोमीला जवळ ओढलं.

"पाप न्हाई गं. ती ओढ देवानंच दिलीय. एका माणसाला, सगळ्यांच्या देखत, हसत द्यायला म्हणून जपायचं. हे मला आदीच सांगाया पायजे होतं."

रविवारी याकोब आला. दार उघडं, खुर्ची उंबऱ्याजवळ. गल्लीत त्या दिवशी सगळ्यांनाच बाहेर कामं निघाली होती, आणि पोरी कट्ट्यावर ओळीनं बसल्या होत्या.

"व्हय," रतनम्मा पुटपुटली.

"आँ?"

"व्हय म्हणायलेय."

याकोबनं कानामागं हात धरला. शेवटी रतनम्मा उंबऱ्यावर उभी राहिली आणि शिकवणीतल्या त्याच खणखणीत आवाजात ओरडली, "व्हय! करते लगीन!"

पोरींनी टाळ्यांचा कडकडाट केला. याकोबनं डोळे पुसले. समोरून शिवम्मा हसत ओरडली, "अगं, आता तरी दार लाव!"

"लगीन तर होऊ दे," रतनम्मा म्हणाली, "मग लावते!"