आईच्या मापाची मोटारसायकल

लेकीच्या चित्रपटाला सगळं मिळालं होतं, शेवट तेवढा मिळत नव्हता. चित्रपट जुन्या मोटारसायकलींच्या शर्यतीवर होता. खरं म्हणजे एकाच मोटारसायकलवर. लग्नानंतर बाबांनी ती आईसाठी स्वतः बनवली होती. इंजिन पाण्याच्या पंपाचं, टाकी पत्र्याचा डबा ठोकून काढलेली, आणि सांगाडा शिंप्याच्या टेपने आईचे हातपाय मोजून जोडलेला. कपडा बेतावा तशी बेतलेली गाडी. धावायची झकास, पण प्रत्येक शर्यतीत मध्येच कुठेतरी बंद पडायची. एकदाही ती शेवटच्या रेषेपर्यंत पोचली नव्हती. मग लेक पोटात आली आणि गाडी गोणपाटाखाली गेली.

आता जुन्या गाड्यांच्या शर्यतीत आई पुन्हा उतरणार होती. यंदा तरी ती रेषा ओलांडायचीच, एवढं एकच तिच्या डोक्यात होतं.

"पंपाचं इंजिन ते," बाबा कॅमेऱ्यासमोर फडक्याने हात पुसत सांगत होते. "एका लयीत दिवसभर चालेल. पण मूठ जास्त पिळली की रुसतं."

"म्हणजे चूक माझीच?" आई मागून म्हणाली.

"मी असं कुठे म्हणालो? कॅमेरा चालू आहे, जरा गोड बोल."

कॅमेऱ्यामागे लेकीला हसू आवरेना. कडेवरचं बाळ तिची वेणी चघळत होतं.

शर्यतीच्या आदल्या दिवशी चित्रपटाचे निर्माते गाडीच्या शेडमध्ये आले आणि तिला बाजूला घेऊन म्हणाले, "गाडी पोचलीच पाहिजे. आपण एक कसलेला स्वार बसवू. हेल्मेट घातल्यावर आत कोण आहे, कुणाला कळतंय?"

रात्रभर बाळाने जागवलेल्या लेकीला क्षणभर ते पटलंही. पण आईला सांगायला जीभ रेटेना.

आईने ऐकलंच होतं. "बसव की. होऊ दे त्याची हौस."

उंचापुरा स्वार ऐटीत बसला. त्याचे गुडघे थेट हँडलला भिडले. वळवायला जावं तर गुडघा आड, गुडघा काढावा तर तोल जातो. आई गाडीभोवती एक फेरी मारून आली.

"घडी घालून बसतोस का रे, राजा?"

शेड हसली. स्वारही हसला आणि उतरून त्याने हेल्मेट आईच्या हातात दिलं. "काकी, ही गाडी तुमचीच. माझ्या बापाच्याने चालायची नाही."

दुसऱ्या दिवशी झेंडा पडला आणि गाड्या धुरळा उडवत सुटल्या. लेक रेषेजवळ कॅमेरा धरून उभी, शेजारी बाबा, त्यांच्या खांद्यावर कानात कापूस घातलेलं बाळ. पहिल्याच फेरीत एक लाल धूड आईला हॉर्न मारत मागे टाकून गेलं.

"पिळू नकोस गं, पिळू नकोस," बाबा पुटपुटले.

आईने पिळलं नाही. एक जण पुढे गेला, जाऊ दिला. दुसरा गेला, त्यालाही जाऊ दिलं. इंजिन आपलं एका लयीत टकटक करत राहिलं. हळूहळू मोठमोठी धुडं तापून कडेला लागली. लाल गाडीचा मालक तर वाफेच्या ढगात उभा राहून तिला लाथा घालत होता.

शेवटच्या फेरीत बाबांनी डोळे मिटून घेतले. टकटक जवळ आली, समोर आली, आणि रेषेच्या पलीकडे गेली.

"पोचली! बाबा, पोचली!"

आई पाचवी आली होती. पुढचे चौघे वेग कमी करून कडेला थांबले होते, टाळ्या पडत होत्या. आई मात्र त्यांच्यासमोरून सरळ पुढे निघून वळणाआड दिसेनाशी झाली.

"अगं ही चालली कुठे?" झेंडेवाला ओरडला.

लेकीने कॅमेरा बंद केला नाही. थोड्या वेळाने दुसऱ्या टोकाला ती पुन्हा दिसली. अख्ख्या रस्त्यावर एकटी आई, मान खाली घालून, पाठ वाकवून, आणखी एक फेरी जीव तोडून धावत होती. बाबांनी बाळ लेकीकडे दिलं आणि हात पसरून रस्त्यात उभे राहिले.

आई करकचून ब्रेक दाबून थांबली. हेल्मेट वर केलं. चेहरा काळा, डोळे लखलखीत.

"शर्यत संपली गं बाई, कधीच संपली!" बाबा हसत होते की रडत, कळेना. "थांबली का नाहीस?"

आईने कडेला उभ्या असलेल्या त्या चार गाड्यांकडे बोट दाखवलं.

"मला वाटलं, सगळ्या बंद पडल्या!"